राखणदारांच्या बाजूने मांडलेला डाव : 'स्पिरिट आयलंड'

पटावरच्या खेळांच्या जगात वसाहत उभारणे हे फार काळ निरुपद्रवी काम मानले गेले आहे. 1995 साली आलेल्या 'कॅटन'मध्ये खेळाडू एका रिकाम्या बेटावर रस्ते काढतात आणि वस्त्या वसवतात. 2002 सालच्या 'पोर्तो रिको'मध्ये जहाजांतून उतरणाऱ्या तपकिरी चकत्या नीळ, ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांवर कामाला लावल्या जातात, आणि नियमपुस्तिका त्यांना 'वसाहतकार' असे म्हणून मोकळी होते. 2004 मध्ये तर चक्क 'गोवा' या नावाचा एक जर्मन खेळ आला, ज्यात खेळाडू मसाल्याचे व्यापारी होऊन मिरी, दालचिनी आणि लवंगांची उलाढाल करतात. खोक्यावर ज्या भूमीचे नाव आहे, त्या भूमीतले एकही माणूस मात्र पूर्ण डावात भेटत नाही. हे तिन्ही खेळ रचना म्हणून चांगले आहेत आणि त्यांतले दोन मी आजही आनंदाने खेळेन. पण ते खेळताना आपण नेमके कोणाच्या खुर्चीत बसलो आहोत, हा प्रश्न त्यांच्या पुस्तिकेत कुठेही उपस्थित होत नाही. आर. एरिक रॉइस यांनी रचलेला आणि 'ग्रेटर दॅन गेम्स'ने 2017 मध्ये प्रकाशित केलेला 'स्पिरिट आयलंड' हा खेळ त्याच प्रश्नापासून सुरू होतो.

येथे वसाहत करणारे खेळाडू नसतात. युरोपातून आलेले आक्रमक पत्त्यांच्या गठ्ठ्यातून चालतात आणि खेळाडू त्या बेटाच्या राखणदार शक्ती होतात: कोणी नदी, कोणी समुद्र, कोणी वीज, कोणी माजलेली हिरवळ. एक ते चार जण एकाच बाजूने खेळतात. जिंकले तर सगळे जिंकतात आणि बुडाले तर सगळे बुडतात. बेटावर 'दाहान' नावाचे लोक राहतात, जे पार्श्वकथेनुसार स्वतःही पूर्वी कधीतरी समुद्रामार्गेच तेथे आले आणि सुरुवातीच्या संघर्षानंतर या शक्तींशी जुळवून घेऊन राहू लागले. कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या वाचकाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. गावाच्या वेशीवर राखणदार असतो, त्याचे देणे वेळच्या वेळी द्यावे लागते आणि त्याच्या हद्दीत वावरताना भान ठेवावे लागते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते.

या खेळाला गोष्ट सांगणारा खेळ म्हणावे की निव्वळ डोके खाणारे कोडे, याविषयी खेळणाऱ्यांत मतभेद आहेत. माझ्या मते तो गोष्ट सांगतो, आणि ती सांगण्याची त्याची रीत विशेष आहे: संवाद, पात्रांची वर्णने किंवा वाचून दाखवायचे लांबलचक परिच्छेद येथे जवळपास नाहीत, जे काही सांगायचे आहे ते नियमांच्या चालीतून सांगितले जाते. त्यामुळे परीक्षणात नियमांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आक्रमकांची चाल अशी आहे. प्रत्येक खेळाडूमागे बेटाचा एक तुकडा असतो आणि त्यात जंगल, डोंगर, वाळू आणि पाणथळ असे चार प्रकारचे आठ प्रदेश असतात, प्रत्येक प्रकाराचे दोन. दर फेरीला एक पत्ता उलटला जातो आणि त्यावर जो भूप्रकार असेल त्या प्रदेशांत, किनारा किंवा जवळची वस्ती असेल तर, एकेक शोधक शिरतो. पुढच्या फेरीत तोच पत्ता एक घर पुढे सरकतो आणि त्याच प्रदेशांत शोधकांच्या पाठोपाठ वस्ती किंवा शहर उभे राहते. त्याच्याही पुढच्या फेरीत तो पत्ता तिसऱ्या घरात येतो आणि मग तेथे विध्वंस होतो: जमिनीची नासाडी होते, दाहान लोक मरतात, आणि नासाडी दोन किंवा अधिक झाली की त्या प्रदेशावर करपा पडतो. आधीच करपलेल्या जमिनीवर पुन्हा करपा पडला, तर तो शेजारच्या प्रदेशातही पसरतो.

या तीन घरांच्या रांगेतच खेळाचे मर्म आहे. आज शोध, उद्या बांधकाम, परवा विध्वंस. आक्रमकांना या क्रमासाठी कोणी खलनायक लागत नाही, द्वेष लागत नाही, डावपेचही लागत नाहीत. पत्ते सरकतात आणि जमीन जाते. मोजणीदार येतो, मग रस्ता येतो, मग बाजार येतो, मग एके दिवशी वहिवाटीचे रान सरकारी होते, हा अनुभव ज्या प्रदेशांच्या वाट्याला आला आहे त्यांना यातला निर्विकारपणा ओळखीचा वाटेल. पुढे काय होणार हे खेळाडूंना दोन फेऱ्या आधीच ठाऊक असते, आणि तरीही सगळीकडे पोहोचता येत नाही. कोणता प्रदेश वाचवायचा आणि कोणता जाऊ द्यायचा, हे टेबलाभोवती बसून बोलून ठरवावे लागते. गठ्ठ्याच्या पहिल्या टप्प्यातला पत्ता एकाच भूप्रकाराचा असतो, तर तिसऱ्या टप्प्यातला दोन भूप्रकारांचा. म्हणजे डाव जितका लांबेल तितका आक्रमणाचा झपाटा वाढतो. बारा पत्त्यांचा हा गठ्ठा संपला, की बेट गेले.

एका प्रदेशाचे उदाहरण जवळून पाहू. समजा, एका जंगलात शोधक शिरला, पुढच्या फेरीत तेथे वस्ती झाली, आणि आता विध्वंसाची पाळी आहे. तेथे दाहानांच्या दोन झोपड्या आहेत. शोधकाचा एक आणि वस्तीचे दोन मिळून तीन घाव बसणार. काहीच केले नाही, तर जमिनीवर करपा पडेल, एक झोपडी नष्ट होईल आणि उरलेली एकटी झोपडी दुबळा प्रतिकार करील. आता याच जंगलात 'व्हायटल स्ट्रेंग्थ ऑफ द अर्थ', म्हणजे भूमीची शक्ती, पटावर आपले अस्तित्व दाखवणाऱ्या दोन चकत्यांनिशी ठाण मांडून आहे असे धरा. एका प्रदेशात दोन चकत्या आल्या की ते जागृत ठाण होते, आणि या शक्तीच्या जागृत ठाणी तीन घाव आपोआप अडवले जातात. मग आक्रमकांचा हल्ला पूर्ण वाया जातो, दोन्ही झोपड्या शाबूत राहतात, आणि नियमानुसार उलट हल्ला करताना प्रत्येकी दोन असे चार घाव घालतात. वस्ती आणि शोधक दोघेही पटावरून उठतात. वस्ती पडल्याबद्दल आक्रमकांच्या गोटात थोडी भीतीही वाढते. खेळाडूने स्वतः एकही घाव घातलेला नाही. त्याने फक्त आपल्या माणसांवरचा वार झेलला, आणि बाकीचे माणसांनी केले. संपूर्ण खेळातला सर्वात सुंदर क्षण माझ्या लेखी हाच आहे, आणि तो एकदा साधला की नवखा खेळाडूदेखील पुढच्या फेरीत आपण होऊन तसे आणखी एक रान शोधू लागतो.

प्रत्येक शक्तीचा स्वभाव तिच्या नियमांत किती नेमका उतरवला आहे, हे पाहण्यासाठी 'ओशन्स हंग्री ग्रास्प' घ्यावी. ही समुद्राची शक्ती बेटाच्या आतल्या प्रदेशांत पाऊल टाकू शकत नाही. तिच्या चकत्या एका फेरीत समुद्रात गोळा होतात आणि दुसऱ्या फेरीत किनाऱ्यावर पसरतात, आणि अशी भरती-ओहोटी डावभर चालू राहते. किनाऱ्यावरचा आक्रमक समुद्रात ढकलला गेला की बुडतो, आणि बुडालेल्यांचे बळ समुद्राच्या ऊर्जेत जमा होते. भरतीच्या वेळी हा खेळाडू टेबलावर दादागिरी करतो, तर ओहोटीला त्याच्याकडे मागूनही मदत मिळत नाही. जोडीदाराला आतल्या डोंगरावरचे आक्रमक किनाऱ्यापर्यंत हुसकावून द्यावे लागतात, आणि मग 'आता सोड' असे म्हणत समुद्र त्यांना ओढून नेतो. हा प्रसंग पुस्तिकेत कोणी लिहून ठेवलेला नाही. दोन खेळाडूंच्या नियमांची सांगड बसली की तो आपोआप घडतो.

दुसरी लक्षात राहणारी शक्ती 'ब्रिंगर ऑफ ड्रीम्स अँड नाइटमेअर्स', स्वप्नांची आणि दुःस्वप्नांची. ती कोणालाच मारू शकत नाही. इतरांच्या हातात जो पत्ता शहर उद्ध्वस्त करतो, तोच तिच्या हातात शहराला केवळ स्वप्न पाडतो: शहर जागच्या जागी राहते, पण त्या बदल्यात पाच भीती जमा होते, वस्तीमागे दोन. एकही वीट न हलवता आक्रमकांना बेट सोडायला लावण्याची ही तऱ्हा शिकायला अवघड आहे, आणि पहिल्या काही डावांत ती कोणी घेऊ नये. परंतु या खेळात भीतीला जे स्थान आहे ते तिच्यामुळे नीट ध्यानात येते.

कारण येथे विजयाची व्याख्याच भीतीवर अवलंबून आहे. सुरुवातीला बेट जिंकायचे तर प्रत्येक आक्रमक नाहीसा करावा लागतो. पुरेशी भीती जमली की भीतीचा एक पत्ता मिळतो; असे तीन पत्ते मिळाले, की दहशतीची पातळी वाढते आणि फक्त वस्त्या व शहरे नष्ट केली तरी पुरते. आणखी तीन मिळाले, की केवळ शहरे. आणि नवही पत्ते उघडले गेले, तर पटावर कितीही आक्रमक उभे असोत, ते बेट सोडून जातात. ही कल्पना मला इतिहासाच्या दृष्टीने फार समंजस वाटते. वसाहत शेवटच्या शिपायापर्यंत कापून काढली गेली म्हणून संपली, असे क्वचितच घडले आहे. राखणे परवडेनासे झाले, म्हणून ती सोडण्यात आली, असे पुष्कळदा घडले आहे.

भीतीचे पत्ते वाचण्यासारखे आहेत, कारण संपूर्ण खोक्यात आक्रमकांचे मन दिसते ते तेवढ्यांतूनच. 'ओव्हरसीज ट्रेड सीम्स सेफर', म्हणजे बेटाच्या आत घुसण्यापेक्षा समुद्रापारचा व्यापार बरा असे वाटू लागणे, हे एका पत्त्याचे नाव. 'स्केपगोट्स' या पत्त्याने वस्तीतले लोक आपल्यातल्याच शोधकांवर खापर फोडून त्यांचा बळी घेतात. 'बिलीफ टेक्स रूट' या पत्त्यावर तर वसाहतकारच बेटाच्या शक्तींवर श्रद्धा ठेवू लागतात. हे पत्ते उघडल्यावर घाईघाईने परिणाम अमलात आणून बाजूला ठेवू नयेत; नाव मोठ्याने वाचावे आणि त्या वस्तीत त्या रात्री काय बोलणे झाले असेल, याचा एक वाक्याने का होईना अंदाज बांधावा. आमच्या टेबलावर हा प्रघात पडल्यापासून डाव लांबला, पण रंगूही लागला.

यापुढे माझी मुख्य तक्रार, जी खेळाच्या कसबाविषयी नाही, तर त्याच्या दृष्टीविषयी आहे. प्रतिकाराचा सगळा पुढाकार या खेळाने देवांना देऊन टाकला आहे. दाहान हे शूर आहेत, संधी मिळाली की उलटून वार करतात, त्यांच्याविषयी पुस्तिकेत आदराने लिहिले आहे. परंतु पटावर ते लाकडी सोंगट्या आहेत. त्यांना कोणी खेळत नाही. शक्ती त्यांना एका प्रदेशातून उचलून दुसऱ्यात नेते, ती वार झेलते म्हणून ते जगतात, आणि डाव अडचणीत आला तर 'ते दोन दाहान जाऊ देत, तिकडे शहर होतंय' असे वाक्य टेबलावर सहज उच्चारले जाते. हे वाक्य मी स्वतःही उच्चारले आहे, आणि नियमांच्या चौकटीत ते शहाणपणाचेही होते.

गोव्याच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे चित्र उलटे झालेले दिसेल. 1560 मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला नेण्यात आला, आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. पोर्तुगीज सत्तेच्या तडाख्यातून माणसांनी आपले देव उचलून नदीपलीकडे, त्या काळी त्या सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात नेले. खेळात राखणदार माणसांना वाचवतो. तेथे माणसांनी राखणदार वाचवला. आणि जेथे पळ काढला नाही तेथेही प्रतिकार माणसांचाच होता. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावाने 1583 मध्ये देवळांच्या विध्वंसाविरुद्ध आणि सक्तीच्या धर्मप्रसाराविरुद्ध हत्यार उचलले, त्यात पाच जेझुइट पाद्री मारले गेले, आणि पुढे वाटाघाटीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावप्रमुखांची कत्तल झाली. ब्रिटिश मुलखात 1930 साली चिरनेर आणि बिळाशीच्या लोकांनी जंगल कायदा मोडला, तेव्हाही रान स्वतः उठून लढले नव्हते. रानावरचा आपला हक्क सांगायला कुऱ्हाडी आणि कोयते घेतलेली माणसे गेली होती. ज्यांच्या घरात या गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत, त्यांना दाहानांचे मूकपण खटकल्याशिवाय राहणार नाही.

खेळकर्त्याला याची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. 'थंडरस्पीकर' ही शक्ती याच उणिवेवरचे उत्तर आहे. तिच्या चकत्या दाहानांच्या सोबत चालतात, ती त्यांना गोळा करून लढायला उभे करते, आणि विध्वंसात जितके दाहान मरतील तितक्या तिच्याही चकत्या नष्ट होतात. ही शक्ती घेतलेला खेळाडू 'जाऊ देत' असे म्हणूच शकत नाही. मूळ खोक्यात दाहानांच्या उठावाला केंद्रस्थानी आणणारा एक वेगळा प्रसंग-डावही दिलेला आहे. तरीदेखील या सोयी ऐच्छिक राहतात. सर्वसाधारण डावात दाहानांना आवाज नाही, आणि आक्रमकांच्या बाजूने फुटणारा, त्यांच्याशी व्यापार करणारा, त्यांची भाषा शिकणारा, दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा दाहान तर मुळीच नाही. परकी सत्ता टिकते ती पुष्कळशी अशाच मधल्या माणसांच्या आधाराने. तो सबंध प्रदेश या नकाशावर कोरा आहे.

तो कोरा भाग ज्याला खेळायचा आहे, त्याने लियाम बर्क यांचा 'डॉग ईट डॉग' पाहावा. तो पट आणि सोंगट्यांचा खेळ नसून केवळ बोलून, प्रसंग रचून खेळायचा आहे, आणि पॅसिफिक महासागरातल्या एका काल्पनिक बेटावर घडतो. टेबलाभोवतीचा सर्वात श्रीमंत खेळाडू सत्ताधारी होतो, बाकीचे एकेक बेटवासी होतात, आणि पहिला नियम असा लिहिला जातो की बेटवासी सत्ताधाऱ्यांपेक्षा कनिष्ठ आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर त्यातून काय धडा मिळाला त्याचा नवा नियम त्या यादीत वाढत जातो. मित्रमंडळींत सर्वात श्रीमंत कोण, हा प्रश्न उघडपणे विचारायची वेळ आली की आपल्याकडे जी चुळबुळ सुरू होते, तिथेच अर्धा खेळ झालेला असतो. 'स्पिरिट आयलंड'नंतर मन प्रसन्न होते. 'डॉग ईट डॉग'नंतर होईलच असे नाही. दोन्ही एकाच विषयावरचे असूनही त्यांची तुलना गुणांच्या आधारे करण्यात अर्थ नाही, पण पहिल्याने जे टाळले आहे ते दुसऱ्यात भरून आहे, हे नोंदवले पाहिजे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. खोके जड आहे आणि त्यातली सामग्री विचारपूर्वक निवडलेली आहे: आक्रमक आणि करपा प्लॅस्टिकचे, तर दाहान आणि शक्तींच्या चकत्या लाकडाच्या. बेटाचे आपले आणि बेटावर लादलेले यांतला फरक बोटांना जाणवतो; हा तपशील कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही आणि एकदा लक्षात आला की विसरता येत नाही. पत्त्यांवरील चित्रे चांगली असली तरी एकसारख्या दर्जाची नाहीत. टेबल मोठे हवे. चौघांचा डाव साध्या मध्यमवर्गीय जेवणाच्या टेबलावर मांडला, तर चहाचे कप मांडीवर घ्यावे लागतात. त्यापेक्षा खाली सतरंजी अंथरून बसलेले उत्तम.

खोक्यावर दीड ते दोन तासांचा अवधी छापलेला आहे. दोन सरावलेल्या खेळाडूंना तो पुरतो. चार जण असतील आणि त्यांतले दोघे नवे असतील, तर सहज तीन तास धरावेत. सगळे एकाच वेळी आपापली खेळी आखतात, त्यामुळे ताटकळत बसावे लागत नाही. पण विचार करायला भरपूर असल्याने कोणी ना कोणी पत्ते हातात घेऊन गप्प बसलेले असतेच. सहकारी खेळांत नेहमी आढळणारा दोष, म्हणजे एका जाणकाराने बाकीच्या तिघांना खेळवणे, येथे बराच कमी आहे, कारण प्रत्येकाचे पत्ते आणि स्वभाव इतके वेगळे असतात की दुसऱ्याच्या हातातले नीट सांभाळायला डोक्यात जागाच उरत नाही. एकट्याने खेळायलाही हा डाव उत्कृष्ट आहे, किंबहुना नियम शिकण्याचा तोच सर्वात शांत मार्ग आहे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. पत्त्यांवर इंग्रजी मजकूर पुष्कळ असतो, वाक्ये नेमकी असतात, आणि एखादा शब्द निसटला तर अर्थ बदलतो. मराठीतून नियम समजावून देता येतात आणि 'ठाण', 'करपा', 'वस्ती' हे शब्द टेबलावर सहज रुळतातही, परंतु ज्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे त्याला प्रत्येक फेरीत शेजाऱ्याला विचारावे लागेल. घरातल्या ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना सोबत घ्यायचे असेल, तर त्यांच्या शेजारी एकाने बसावे. खोक्यावर तेरा वर्षांची मर्यादा लिहिली आहे, आणि ती योग्य आहे.

आपल्याकडे हा खेळ आयात होऊन येतो, त्यामुळे किंमत चटका लावणारी असते. विकत घेण्यापूर्वी चाखून पाहायचा असेल, तर मोठ्या शहरांतल्या पटावरच्या खेळांच्या कॅफेंत चौकशी करावी, किंवा 'हँडेलाब्रा'ने 2020 मध्ये आणलेली संगणकीय आवृत्ती पाहावी. त्या आवृत्तीत मोजदाद यंत्र करते आणि नियमांची चूक होत नाही, ही मोठी सोय. पण चार जण एकाच पटावर वाकून भांडत असण्याची मजा तिच्यात नाही. 2022 सालची 'होरायझन्स ऑफ स्पिरिट आयलंड' ही छोटी आणि सोपी केलेली आवृत्ती सुरुवातीला पुरेशी आहे, मिळाली तर. 'ब्रँच अँड क्लॉ', 'जॅग्ड अर्थ' आणि 'नेचर इनकार्नेट' या विस्तारांची घाई करू नये. 'ब्रँच अँड क्लॉ'मध्ये अवचित घटनांचे पत्ते येतात, ज्यांमुळे डाव अधिक जिवंत होतो, पण ज्या नेमक्या अंदाजावर मूळ खेळ उभा आहे तो थोडा ढळतो; हे कोणाला आवडेल, कोणाला नाही. मूळ खोक्यातल्या आठ शक्तीच वर्षभर पुरतील.

पहिल्या डावाला नदी, वीज, सावली आणि भूमी या चार सोप्या शक्तींतूनच निवड करावी, आणि त्यांच्यासाठी दिलेला पत्त्यांचा ठरावीक क्रम वापरावा. नवे पत्ते निवडण्याची डोकेदुखी त्यामुळे वाचते. त्यांतही विजेऐवजी नदी घ्यावी. वीज झटपट मारते म्हणून आकर्षक वाटते, पण तिला बचाव जवळजवळ नाही, आणि नवखा खेळाडू एका बाजूला शहरे पाडत असताना दुसऱ्या बाजूला जमीन करपून जाते. नदीचे पाणथळ जागेवरचे एकटे ठाणही जागृत मानले जाते, त्यामुळे ती लवकर पसरते आणि तिला चुका माफ होतात.

दोन-चार डाव जिंकून झाल्यावर मराठी टेबलावर हमखास एकच मागणी येते: इंग्लंड काढा. मूळ खोक्यात ब्रांडेनबर्ग-प्रशिया, स्वीडन आणि इंग्लंड असे तीन प्रतिस्पर्धी दिलेले आहेत आणि प्रत्येकाच्या चढत्या पातळ्या आहेत. स्वीडनच्या खाणी जमीन दुप्पट वेगाने नासवतात. इंग्लंडचा जोर बांधकामावर असतो, वरच्या पातळ्यांवर तेथून माणसांचा लोंढा असा येतो की एकाच प्रदेशात पुन्हा पुन्हा बांधकाम होत राहते, आणि कुठल्याही एका प्रदेशात वस्त्या व शहरे मिळून सात झाली की राजधानी उभी राहिली असे मानून डाव तिथेच हरला जातो. हा नियम वाचताना दूरचा वाटतो, पण दुर्लक्षित राहिलेल्या एखाद्या कोपऱ्यातल्या डोंगरावर पाच इमारती दिसू लागल्या की सगळ्यांची पळापळ होते. इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा बसताना शून्य पातळीच घ्यावी आणि त्याआधी प्रशियाच्या खालच्या एक-दोन पातळ्या खेळून घ्याव्यात. प्रशिया सुरुवातीलाच जादा वस्त्या मांडतो आणि पुढे पत्त्यांचा गठ्ठा आखडून डाव घाईला आणतो, त्यामुळे कोणत्या फेरीत किती उशीर परवडतो याचा अंदाज तिथे येतो, आणि तो अंदाज नसेल तर इंग्लंडपुढे भूमीची शक्ती घेऊनही निभाव लागत नाही.